वेशीबाहेरची फुगडी

आचरे,
ता. १२ डिसेंबर १९५८

चि. सौ. जानकी हिस वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तू शाळेत होतीस तेव्हाची एक सकाळ आठवते. गोठा झाडून झाला होता. विहिरीवरून पाणी आणून ठेवलं होतं, चुलीवर पेज रटरटत होती आणि मी सूप घेऊन ओटीवर तांदूळ निवडायला बसले होते. समोर तू, मांडीवर पुस्तक. परीक्षा आली म्हणून आईंनी तुला दटावून बसवलं होतं. एका ओळीवर बोट ठेवून तू तीच ती वाचत होतीस, जांभया देत. मी खडा वेचायच्या निमित्ताने वाकून तुझं बोट बघत होते. माझ्या बाजूने अक्षरं उलटी दिसायची. मी ती उलटीच शिकले. म्हणून आजही समोरच्याने पुस्तक उघडलं तर मला ते फिरवून घ्यावं लागत नाही.

पत्रात आधी खुशाली लिहितात, ती राहिली. इकडे सर्व ठीक. थंडीने आईंचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र शाबूत आहे. गुरुदास मुंबईहून सुट्टीवर आला त्याच्या हाती तू पाठवलेला दिवाळी अंक आणि पत्र पोचलं. त्याच्याच हाती आमसुलं पाठवते. यंदाची आहेत, डब्यात भरण्याआधी एक ऊन दाखव.

अंकातली तुझी गोष्ट वाचली. तुझं नाव छापलेलं पाहिलं, सौ. जानकी अशी अक्षरं किती ठळक. तुझ्या दादांनी पाहिलं असतं तर अंक काखेत मारून बंदरापर्यंत सगळ्यांना दाखवत गेले असते.

आता तू विचारलं आहेस म्हणून लिहिते. गोष्टीत काही चुका आहेत. गावपळणीच्या दिवसांत तू चुलीवर कुर्ल्यांचं सार शिजवलं आहेस. देवाच्या कामाला गाव निघालेला असताना खेकडे कोण शिजवील? माडाच्या झावळ्या वाऱ्याने 'कुजबुजतात' असं तू लिहितेस. झावळ्या खडखडतात, माणसाची झोप मोडते. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोष्टीतली ती बाई गावात मागे राहते.

आपल्या रामेश्वराने कौल दिला की तीन दिवस गावात माणूस राहत नाही. गुरं, कोंबड्या, मांजरं, अंथरुणाला खिळलेली माणसंसुद्धा वेशीबाहेर जातात. हे तुला मी सांगायला हवं का? लहानपणी तूच मांजराला टोपलीत घालून न्यायचीस. आणि तुझ्या गोष्टीत ती विधवा एकटी घरात राहते, नवरा मचव्यावरून समुद्रात गेला तो येईल म्हणून समई लावून बसते, आणि गाव परततो तेव्हा सगळे तिच्या पाया पडतात.

पाया पडतात! आपल्या गावात तिला दगड मारले असते.

हे मी एकटीनेच वाचून ठेवून दिलं असतं, तर बरं झालं असतं. पण तुला माहीत आहे, दुपारी मथुरा आणि शेवंती आपल्या ओटीवर झावळ्यांचे हीर काढायला येतात, झाडू वळायला. त्यांचे हात चालतात आणि मी वाचते. वाचनालयातल्या दोन्ही कपाटांतलं बहुतेक सगळं त्यांनी असं कानांनी वाचलं आहे. काल मी तुझी गोष्ट वाचली. कोणी लिहिली ते आधी सांगितलं नाही.

मथुरा रडली. खरोखरची रडली, पदर लावून. शेवंतीने कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनी, तुमच्या डोळ्यात पाणी कसां नाय? काळीज आसा का जांभो दगड?"

आतून आई ओरडल्या, "शिरा पडो त्या गोष्टीर! गावपळणीत घरात कोण रवता? आमी कोंबडेसुदा घेवन जातंव. ती रवली आणि देव गप बसलो?"

"काकीनू, गोष्ट ती," मथुरा म्हणाली. "गोष्टीत माणूस रवता."

"मगे त्या गोष्टीत माज्या गुडघ्याकय बरां करा!"

त्यावर सगळ्या हसल्या, पण मथुरा नाक पुसत मला म्हणाली, "अशी बाई आपल्या गावात आसती तर मी सकाळी उठान तिचा तोंड बघलंय आसतंय." मी समोर बसले होते, जानकी. तिच्यापासून एका हातावर.

मग मी सांगितलं, ही आपल्या जानकीने लिहिली. "जानकीन? आमच्या जानकीन? नाव खंय आसा, दाखवा बघया!" दोघींनाही वाचता येत नाही, तरी तुझ्या नावावरून बोटं फिरवली. शेवंतीने आधी हात पुसून घेतला. त्या बाईचं नाव कोणी विचारलं नाही. तू ते ठेवलंच नाहीस. सगळ्या गोष्टीभर ती नुसती 'वहिनी' आहे.

तुला वाटेल वहिनी रागावली. रागावले असते तर सोपं होतं. मला तुझा हेवा वाटला.

हे आता लिहिलंच आहे तर नीट लिहिते. तुझा नवरा जिवंत आहे, मुंबईत दोन खोल्या आहेत, नळाला पाणी आहे, याचा मी कधी हेवा केला नाही. देवासमोर उभी राहून सांगते. तू शाळेत जायचीस आणि मी तुझ्या परकराला लागलेला चिखल धुवायचे, तेव्हाही नाही. तेव्हा मला वाटायचं, जिला जे मिळालं ते तिचं. पण काल मथुरेच्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं, आणि मला ते हिसकावून घ्यावंसं वाटलं. ते माझं होतं. ती समई माझ्या घरातली आहे, तो मचवा माझ्या नवऱ्याचा. आणि रडवलंस तू.

वर चुका काढल्या त्याला काही अर्थ नाही. कुर्ल्यांमुळे कोणाची गोष्ट बुडत नाही. गोष्ट चांगली आहे. तू वाईट लिहिली असतीस तर तू मागतेस ती परवानगी मी हसत दिली असती. ती इतकी चांगली आहे की शेवटच्या पानावर मीही तिच्यासाठी हळहळले, आणि मग मला माझीच चीड आली. मी मलाच म्हटलं, अगो, ज्या बाईसाठी तू हळहळतेस ती तू नव्हेस!

पुस्तकातल्या विधवा मी पुष्कळ पाहिल्या. त्यांचा एक तर पाय घसरतो, नाहीतर त्यांची समई होते. त्यांना भूक लागत नाही. त्या कोणाशी भांडत नाहीत, नारळ मोजून घेत नाहीत, त्यांना विनोद कळत नाही. मी प्रत्येक पुस्तक उघडताना वाटायचं, आता या पुस्तकात तरी कोणी माझ्यासारखी भेटेल. तुझा अंक उघडताना तर फारच वाटलं. आपल्या घरातली मुलगी, आपला गाव. म्हटलं आता आलीच.

वाट बघण्याचं म्हणशील, तर मी तुझ्या दादांची वाट बघत नाही. मचव्याची फळी देवगडच्या बाजूला लागली त्या दिवशी मला कळलं की ते गेले. समईशी त्यांची आठवण येत नाही मला. रहाटाची दोरी हातातून सरकताना येते, कारण तिची गाठ ते बांधत आणि मला तशी जमत नाही. दर पावसाळ्यानंतर दोरी बदलते, गाठ घालते, ती सैल पडते, पुन्हा घालते. हे दुःख असंच आहे, रोजचं. त्याला कोणी पाया पडायला येत नाही.

आणि ती गावपळण. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षीची. तू तेव्हा मुंबईत होतीस. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. निदान आज तसं वाटतं.

आम्ही वेशीपलीकडे काजूच्या झाडांखाली माडाच्या झापांची खोपी घातली होती. मी, आई, गाय आणि कोंबड्या. शेवटच्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून बायका फुगडीला उभ्या राहिल्या. मी भांडी घासत होते, पाठ करून. मथुरा आली आणि माझा राखेचा हात तसाच धरला.

"वैनी, उठा."

"अगो, मी कशी? लोक काय म्हणतीत?"

"नेम गावाचे. गाव थंय वेशीच्या आत रवलो, एकटोच बसलो आसा. हय तुमका कोण इचारता?"

तिने ओढलं आणि मी उठले. खरं सांगायचं तर ती फार ओढत नव्हती. लग्नाआधी मी फुगडीत कोणाला हरत नसे, हे या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिल्या दोन फेऱ्यांत पाय अडखळले, मग त्यांना आपोआप आठवलं. आभाळ फिरलं, काजू फिरले, सगळ्यांची तोंडं एक झाली. मला हसू आलं ते आवरेना, म्हणून मी तोंडात पदर कोंबला.

खोपीच्या दाराशी आई बसल्या होत्या. ज्यांचा मुलगा जाऊन वर्ष झालं नव्हतं त्या आई. मला वाटलं, आता उठून माझ्या थोबाडीत देतील. त्या म्हणाल्या, "तोंडात पदर कित्याक कोंबतंस? हास मोठ्यान. उद्या परत थंयच जावचां आसा."

मग मी हसले, जानकी. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कसलं होतं ते मला सांगता येणार नाही. त्या दुपारी मी कोणाची वहिनी, कोणाची सून, कोणाची विधवा नव्हते. चांगली फुगडी घालणारी एक बाई होते. गावात परतल्यावर पुन्हा सगळं अंगावर घेतलं, पण ती बाई तेव्हापासून माझ्या ओळखीची आहे.

ती मला लिहायची होती. हे एक वाक्य लिहायला मला इतकी पानं लागली. सात-आठ वर्षं मनात घोळवते आहे, भाकऱ्या थापताना वाक्यं जुळवते आणि पुसते. माझं अक्षर वाकडं, माझी शाळा म्हणजे तुझ्या बोटाखालची ओळ, म्हणून थांबले. आणि माझ्या आधी तू आलीस, आमची गावपळण घेतलीस, आणि तिच्यात मला दाराआड बसवलंस.

तू लिहितेस की तुझ्या गोष्टींचं पुस्तक निघतं आहे, हीच गोष्ट पहिली असेल, आणि पुस्तक तू मला अर्पण करणार आहेस, 'माझ्या वहिनीला, जी ही गोष्ट जगली' असं. शिमग्याला येऊन आपल्या वाचनालयात ती वाचून दाखवायची आहे, मी पुढे बसायचं आहे. माझी हरकत नाही ना, असं विचारतेस.

गोष्ट तुझी आहे, छाप. मनापासून सांगते, छाप. पण माझी हरकत आहे. ते अर्पण काढ. मी ती गोष्ट जगले नाही. तसं छापलंस तर मथुरा उद्यापासून सकाळी माझं तोंड बघायला येईल, आणि मग मला तिच्यादेखत जन्मभर समई होऊन बसावं लागेल. तिच्याशी फुगडी घातलेली बाई तिलाही आठवणार नाही. ती मला घालवायची नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही.

शिमग्याला ये. तुझ्यासाठी खापरोळ्या करीन. हेव्याने माझी माया आटलेली नाही, दोन्ही एकाच घरात राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत, एवढंच.

ता. १४

परवा इथवर लिहून पत्र तसंच ठेवलं होतं. गुरुदास आज निघतो आहे, म्हणून पुरं करते.

पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मथुरा आणि शेवंती हीर काढायला आल्या. मी चष्मा आत ठेवला, हातात पुस्तक घेतलं नाही आणि त्यांच्यात बसून वेशीबाहेरच्या फुगडीची गोष्ट सांगायला लागले, 'मी' म्हणून. कोणी रडलं नाही. मथुरेने मध्येच कोयता थांबवून विचारलं, "आणि तुमी पेंढ्यात पडलात, ता खंय गेलां?" मग मी पेंढ्यात पडले तेही सांगितलं.

तुझी वहिनी,
यशोदा