जवसाची झोडणी

३ मार्च

उपटला! परसातला सगळा जवस. कापायचा नाही, मुळासकट उपटायचा – धागा थेट मुळापर्यंत जातो. तळहात सोलवटले. एका टॉवेलापुरतं लिनन निघालं तरी पुष्कळ. हे पायरीवर चहा पीत म्हणाले, "टॉवेल दुकानात मिळतात म्हणे, ऐकलंय का कधी?" मग उठले, आणि अर्धा वाफा यांनीच उपटला.

९ मार्च

धाकटी जाऊ आली. पायात चप्पल नाही, ओठ फाटलेला. दिरानं इस्त्री फेकून मारली – कॉलर नीट बसली नाही म्हणून! यांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "राहू दे तिला. मी बोलतो त्याच्याशी."

१० मार्च

बोलले नाहीत.

१७ मार्च

जवसाच्या काड्या पाण्याच्या टाकीत कुजताहेत, धागा सुटावा म्हणून. काय तो वास! शेजारीण आमच्याकडची खिडकी धाडकन लावते. आज एक काडी मोडून पाहिली – आतलं लाकूड सुटलं, वरचा धागा अखंड. आता बाहेर काढून वाळवायच्या.

धाकटी जेवते, पण दाराकडे तोंड करून.

२४ मार्च

काड्या कडकडीत वाळल्या. यांनी दोन फळ्या जोडून काड्या मोडायची छान कुटणी करून दिली. विंचरायला पाटावर लांब खिळे ठोकून फणीही. हात चांगला आहे यांचा.

कुटून झालं की लाकडी पट्टीनं झोडायचं, भुसा उडेपर्यंत. धाकटीनं पट्टी घेतली आणि सुटलीच! मी म्हटलं, "अगं हळू, धागा तुटेल." ऐकेना. केसांत भुसा, डोळे लाल. शेवटी विचारलं, "पुरे का?"

"अजून नाही, ताई."

मी दुसरी जुडी दिली.

२८ मार्च



हे कामावर गेले होते. दीर आला. मी कडी लावली तर लाथेनं दार उखडलं. "माझी बायको बाहेर काढ, वहिनी!" धाकटी परसात धागे विंचरत होती. तिचा दंड धरून फरफटत नेऊ लागला, गुडघे सोलले तिचे. मी झोडायची पट्टी त्याच्या पाठीत घातली. पुन्हा घातली. तो वळला. माझा गळा धरला आणि भिंतीवर दाबलं. श्वास बंद. त्याच्या तोंडाला चहाचा वास येत होता, एवढंच आठवतंय.

मग तो किंचाळला. धाकटीनं खिळ्यांची फणी उचलून त्याच्या हातावर हाणली होती. खिळे आरपार. विंचरलेले पांढरे धागे सगळे लाल.

हे आले, त्याला दवाखान्यात घेऊन गेले. माझ्या गळ्याकडे पाहिलं. 

३० मार्च

दिराची दोन बोटं हलत नाहीत. त्यानं धाकटीविरुद्ध तक्रार केली आहे. हे म्हणतात, "तू पोलिसांना एवढंच सांग – तो समजवायला आला होता, तिनं उगाच वार केला."

"आणि माझा गळा?"

"रागात होता तो. भाऊ आहे माझा."

"मग मी कोण?"

हे उठले. परसात गेले आणि कुऱ्हाडीनं कुटणी फोडली. स्वतःच्या हातानं केलेली! धाकटी स्वयंपाकघरात कान झाकून बसली होती.

१ एप्रिल

उद्या जबाब. जे झालं तेच सांगणार. यांना सांगून टाकलं.

२ एप्रिल

मी चौकीवर निघाले होते. यांनी दारातच धरलं. डाव्या हातानं केस, उजव्यानं तोंडावर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दात हलतोय.

धाकटी धावत आली. मला उठवलं, माझं डोकं चाचपलं आणि हळूच म्हणाली, "हेही त्यांच्यासारखे डाव्या हातानंच धरतात का?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे स्वतःच्या हाताकडे पाहत होते.

आम्ही दोघी चौकीवर निघालो.