कोब्यावरचा पापुद्रा

आबा,

लक्ष्मीपुरीतल्या तिसऱ्या दुकानातून परवा पुन्हा हात हलवत परत आले. गेटापासून पायरीपर्यंतच्या आपल्या सिमेंटच्या कोब्यावर काय मारायचं, एवढं एकच ठरवायचं होतं, पण पंधरा दिवस ठरत नव्हतं. एक दुकानदार म्हणतो, इपॉक्सी मारा. "ताई, काचंगत चमकतंय बघा. वरनं गाडी न्या न्हायतर हत्ती न्या." दुसरा म्हणतो, इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, त्याच्यावर पॉलियुरेथेनचा हात द्यायलाच हवा. तिसऱ्यानं तर डबा उघडून माझ्या नाकाशीच धरला. मी प्रत्येकाला एकच विचारते, ओलं झाल्यावर पाय घसरेल का? मग ते शेड कार्ड पुढं सरकवतात. मी विचारतेय काय आणि हे मला रंग निवडायला सांगतायत! मिरगाच्या आत काम उरकलं नाही तर पुन्हा शेवाळ धरणार आणि आई आणखी एक पावसाळा घरातच काढणार.

तुम्हाला हे ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली आणि आई पडली दोन पावसाळ्यांपूर्वी. दुधाची पिशवी आणायला गेटापर्यंत निघाली होती, मध्येच पाय सटकला. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आता काठी घेऊन घरभर फिरते, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. गेटाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारणारी ती बाई आता आतल्या खुर्चीत बसून रस्त्याकडं बघत असते. आणि सगळा राग तुमच्यावर. "गारगोटीपतोर लोकांस्नी खरबरीत कोबं घालून दिलं आणि माझ्याच दारात काच घोटली ह्या माणसानं." दवाखान्यातून घरी आल्या दिवसापासून तिनं तुमच्या फोटोला उदबत्ती लावायची बंद केलीय. गल्लीतही चेष्टा झालीच. गवंड्याच्याच दारात गवंड्याची बायको घसरली म्हटल्यावर लोक कशाला सोडतील? मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

मला तो दिवस रोज आठवतो. मामा आजारी म्हणून आई चंदगडला गेली होती आणि त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे येणार होते. तुम्ही चार दिवस कामावर सुट्टी टाकून कोबा घातलात. दुपारी तो ओला असतानाच त्याच्यावर खराटा ओढलात, एका हातानं, न थांबता, गेटापासून पायरीपर्यंत सरळ रेघा. मी कॉलेजातून येते आणि गेटातच थयथयाट करते. हे काय, गोठ्यासारखं? समोरच्या बंगल्यात बघा कसा आरसा केलाय! तुम्ही फळीवर बसून हात धूत होता. "कोबा तोंड बघाय नसतोय गं, पाय टेकाय असतोय," एवढंच म्हणालात. मी त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुम्ही गुडघ्यांवर बसून, सिमेंटची पातळ रबडी ओतून, सगळा कोबा थापीनं घोटत होता. माझ्याकडं बघितलंही नाहीत. आई परतल्यावर गेटातच ओरडली, "ह्ये काय करून ठेवलंसा?" मी दाराआड उभी होते. तुम्ही म्हणालात, "बरं दिसतंय म्हनून केलं. पावणं गेलं की टाचून दीन." पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, त्यांनी कोब्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. ते स्थळही जमलं नाही. तुम्ही छिन्नी घेऊन टाचे मारायला, परत खरबरीत करायला निघालात तेव्हा मीच म्हटलं, राहू दे की आबा, चांगलं दिसतंय. आणि ते राहिलं.

काल कोडोलीचे एक मिस्त्री आले होते. त्यांनी डबे-बिबे काही काढले नाहीत. आधी तांब्याभर पाणी मागितलं आणि कोब्यावर ओतलं. पाणी तसंच साचून राहिलं. "ह्यो पाणीच पीत न्हाय. ह्येच्यावर काय बी मारलं तरी सालपटं निघतील," म्हणाले, आणि पायरीजवळ हातभर जागा मशीननं घासली. पापुद्रा उडाला, धूळ खाली बसली आणि खाली तुमच्या खराट्याच्या रेघा. मला एकदम रडूच आलं. मिस्त्री म्हणाले, "खालचं काम करणारा गडी हुशार हुता. वरनं ही साय कुठल्या शान्यानं चढवली?" तेवढ्यात आई उंबऱ्यापर्यंत आली होती. वाकून काठीचं टोक तिनं त्या रेघांवरून फिरवलं. "ह्या त्येंच्याच," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, अगदी हळू, "मग वरनं का घोटलं असंल गं?"

आबा, सांगायची वेळ तीच होती. मी म्हणाले, "सिमेंट उरलं असेल."

"म्हंजे उरल्यालं माझ्या दारात वतलं म्हण की," असं म्हणून ती आत गेली.

आता चमकणारं काहीच मारायचं नाही, एवढं तरी ठरलं. मिस्त्री सगळा कोबा घासणार आहेत आणि त्याच्यावर आत मुरणारं, बिनरंगाचं सीलर देणार आहेत. रेघा तशाच राहतील, पाणी वरून निघून जाईल. उद्या सकाळी मशीन येईल आणि दुपारपर्यंत माझ्या हट्टाची धूळ झालेली असेल. मग वरून का घोटलं, हे कुणी विचारायचंही राहणार नाही. हेच मला टोचतंय. आज तीनदा आईच्या खोलीत गेले. एकदा चष्मा द्यायला, एकदा गोळी द्यायला आणि एकदा उगाच. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "काय गं, येरझाऱ्या कशाला घालालीस?" मी म्हटलं, काही नाही.

हा कागद त्या शेड कार्डाबरोबर कपाटात ठेवते. तुम्हाला पोचवायची सोय नाही, आणि जिला वाचून दाखवायला हवा ती भिंतीपलीकडं बसलीय. तेव्हा तिच्यापुढं तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. ते घ्यायचं धाडस मला अजून होत नाही.