कॉलरचं टोक

सोमवार, ४
गप्प बसायचं म्हणे! आम्हा सुपरवायझरांच्या दिवसभराच्या प्रशिक्षणाचं सार एवढंच. शिवणाऱ्या बायकांना उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा आणि ऐकून घ्यायचं. हे कुणाला सांगतायत? जिला अख्खा शिवणविभाग पाठीमागे तोफ म्हणतो तिला!

पण करून बघायलाच हवं. कॉलरवालीचे शर्ट परत येतायत — कॉलरची टोकं वाकडी. महिनाअखेरपर्यंत सुधारली नाही तर तिला घरी पाठवा, असं मालकांनी बजावलंय. इतकी वर्षं तिच्या शिलाईत बोट ठेवायला जागा नव्हती. मला ती जायला नकोय.

मंगळवार, ५
फसला प्रयोग! तिच्याजवळ स्टूल ओढलं, वाकडी कॉलर समोर धरली आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, "तुला काय वाटतं?" ती पांढरीफटक पडली. चुकलं बाई, परत नाही होणार, म्हणत हातच जोडले.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. हे शब्द मी आजवर विचारायला कधी वापरलेच नव्हते. तुला काय वाटतं, मी आंधळी आहे? तुला काय वाटतं, मालक फुकट पगार देतात? बिचारी पुढच्या वाक्याची वाट बघत होती.

बुधवार, ६
घरी लेकीवर करून पाहिलं. म्हणाली, "आई, तू सरळ ओरड ना. याचीच जास्त भीती वाटते."

शुक्रवार, ८
आज कॉलर नेलीच नाही. जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी डबा उघडला आणि विचारलं, टोकाशी आलीस की काय होतं ग? मग तोंड बंद. काय जड जातं! जीभ नुसती वळवळत होती. डबा संपत आला तेव्हा ती बोलली.

"हात आपोआप मागे येतो, बाई. बोटात सुई गेली ना, तेव्हापासून. घाबरते म्हटलं तर काढून टाकाल, म्हणून बोलले नाही."

सुई गेलेली मला आठवत होती. बोट बांधून दिलं, दुसऱ्या दिवशी ती मशीनवर बसली, विषय संपला — माझ्यापुरता. फार वाईट वाटलं. काय केलं तर जमेल, असं विचारलं. सुईपुढे बोट अडवणारी पट्टी हवी, म्हणाली. पूर्वी सगळ्या मशीनना होती, काम हळू होतं म्हणून मालकांनी काढायला लावली. मी बोलते मालकांशी, असं म्हणून मी उठलेसुद्धा. तिने हाताला धरून खाली बसवलं. "नको बाई. मी बघते."

सोमवार, ११
अजून काही नाही. टोकं वाकडीच. मालकांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्याचं काम दुसऱ्याला करू देणं म्हणजे शिक्षा आहे! पण आज दुपारी ती हसत होती, दोघीतिघींशी काहीतरी कुजबुजत होती. मला पाहून थांबल्या नाहीत. बरं वाटलं.

गुरुवार, १४
अकराच्या सुमारास सगळ्या मशीन एकदम थांबल्या. धावत गेले तर मालकांच्या दारात कॉलरवाली, मागे सगळ्याजणी. "पट्ट्या बसल्या की लगेच बसतो आम्ही," ती सांगत होती, आवाज न चढवता. मालक माझ्याकडे वळले. "बाई, यांना कामाला लावा."

मी गेले आणि कॉलरवालीच्या शेजारी उभी राहिले.