सुट्टीच्या दिवशीची मीटिंग

ती. आईस, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींचे ढीग संपत नाहीत, पण खोली उबदार असते, तेव्हा थंडीची काळजी करू नकोस.

तीन रविवार फोन नाही म्हणून माझी पोरगी रुसली असेल. करारात रविवार माझा आहे, पण आता दर रविवारी सकाळी दहाला मीटिंग असते. फोन दाराशीच काढून घेतात. सुटेपर्यंत तिकडे आपल्या देशात रात्र होऊन ती झोपलेली असते.

"जबरदस्ती नाही," सुपरवायझरबाई म्हणतात, "पण कोण येत नाही ते साहेब बघतात." माझ्या शेजारची इस्त्रीवाली दोनदा आली नाही. तिचा करार पुढे वाढवलाच नाही.

परवा मी धीर करून विचारलं, "सुट्टीच्या दिवशी मीटिंग कशाला?" साहेब हसून म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. यावर बोलायला शनिवारीही भेटू." आता शनिवारची संध्याकाळही गेली. बायका माझ्याशी धड बोलत नाहीत.

तुझे गुडघे कसे आहेत? गोळ्या घेतेस ना?

पोरीला सांग, आईने साहेबांना विचारलं होतं. ते काय म्हणाले, ते मात्र सांगू नकोस.

तुझीच,
धाकटी