दोन बोटं बाहेर

आबा, आज एक मुलगी माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलली आणि मला तुमची आठवण आली. तिनं वडिलांना आणलं होतं. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारे म्हातारे गृहस्थ, नाकाशेजारी काळपट जखम, उद्या ऑपरेशन. मी आता औरंगपुऱ्यातल्या एका त्वचेच्या दवाखान्यात मशीन चालवते. काही कापायचं नाही, टोचायचं नाही. जेलचा थेंब टाकून काच कातडीला टेकवायची, की आतल्या पेशी पडद्यावर करड्या रंगात दिसायला लागतात. कॅन्सर कुठं संपला आणि चांगली कातडी कुठून सुरू झाली हे बघून डॉक्टर पेनानं रेघ काढतात, दुसऱ्या दिवशी त्या रेघेवरून कापतात. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असता, "त्याला मशीन कशाला? बोटं मेली का तुमची?"

तुमच्या बोटांना खरंच मशीन लागत नव्हतं. गारखेड्याकडच्या मोकळ्या माळावर तेव्हा आपली मेंढरं बसायची. आता तिथं लोक पार्किंगवरून हमरीतुमरीवर येतात. तुम्ही खरूज झालेली मेंढी गुडघ्यांत दाबून धरली आहे, लोकर फाकवून बघताय, आणि मी औषधाची वाटी घेऊन उभी आहे. मी नेमक्या जखमेवर औषध लावते, तर तुम्ही माझा हात धरून पुढं सरकवता. "दिसतं तेवढंच नसतं पोरी. दोन बोटं भायेर जाऊन लाव. न्हाय तर पुन्हा येतंय." लागोपाठच्या दुष्काळात ती मेंढरं गेली. तुम्ही पुंडलिकनगरात नव्या बिल्डिंगवर वॉचमन झालात, टँकर आला की स्लॅबला पाणी मारायला लागलात. तिथंच कधीतरी डोळ्याखालचा तो काळा ठिपका वाढायला लागला.

मेंढरांवर चालणारं शहाणपण माणूस स्वतःवर वापरत नाही. तुम्ही बिब्बा गरम केलात. आरशात नीट दिसेना म्हणून सुई माझ्या हातात दिलीत, आणि मी त्या ठिपक्यावर बिब्ब्याचं तेल लावलं. गाल भाजला, सुजला, वर जाड खपली धरली. महिन्याभरानं आपण मोठ्या दवाखान्यात गेलो. मी तेव्हा लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते, अंगावर पांढरा एप्रन, भोवती शिकाऊ डॉक्टर. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "यावर काही लावलं होतं का? बिब्बा, चुना?" मी म्हणाले, "नाही सर." तुम्ही शेजारच्याच स्टुलावर बसला होतात. एकदा माझ्याकडं पाहिलंत आणि खाली बघत पटक्याचं टोक नीट करत राहिलात. त्यांनी ती खपली रोगाचीच समजून दिसली तेवढी कड धरून कापलं. वर्षभरात ते पुन्हा आलं, डोळ्यात शिरलं, आणि दुसऱ्या ऑपरेशनात डोळा काढावा लागला.

आज त्या मुलीला मी तेच विचारलं. ती म्हणाली, "नै मॅडम, कुछ नै लगाया." तिच्या खांद्याला कॉलेजची बॅग होती. म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ते मान खाली घालणं मला सहन झालं नाही. मी काच बाजूला ठेवली आणि म्हणाले, "माझ्या वडिलांना मी माझ्या हातानं बिब्बा लावला होता. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली. त्यांचा डोळा गेला." पोरीनं खांद्यावरची बॅग काढून खाली ठेवली. मग म्हणाली, "चूना लगाया था, हल्दी मिलाके. मैंनेच." खपलीखालचं मशीनलाही दिसत नाही, हे मी तिला समजावलं. डॉक्टरांनी ऑपरेशन तीन आठवडे पुढं ढकललं. खपली पडली की कड नीट बघू म्हणाले. म्हातारा जाताना माझ्याकडं बघून हसला.

तिला मी सगळं सांगितलं नाही. डोळा गेल्यावर एकदा आपण बिल्डिंगच्या गेटपाशी चहा पीत बसलो होतो. तुम्ही अगदी सहज विचारलंत, "त्या डॉक्टरला बिब्ब्याचं सांगितलं व्हतं ना गं आपण?" तुम्ही त्या खोलीत होतात, आबा. तुम्हाला सगळं माहीत होतं. मला बोलता यावं म्हणूनच तुम्ही विचारलंत, हे कळायला मला तुम्ही गेल्यावरही इतकी वर्षं लागली. मी म्हणाले, "व्हय, सांगितलं होतं." तुम्ही म्हणालात, "मग झालं," आणि तुमच्या बशीतला उरलेला चहा माझ्या कपात ओतलात.

हा कागद मी मशीनच्या ड्रॉवरमध्ये, काचांच्या खोक्याखाली ठेवते आहे. नव्हतं सांगितलं, आबा.