पडद्यावरचा पहिला त्रिकोण

तीर्थरूप बाबा, लेकीचा नमस्कार.

आज माझ्या कॉम्प्युटरवर चित्र उमटलं! आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर बसवला होता, पण चित्रं काढायच्या तयार कोडचा संच, म्हणजे लायब्ररी, काही केल्या त्याच्याशी जुळेना. प्रोग्राम चालवला की लाल अक्षरांत तेच रडगाणं. नव्या नोकरीवरून घरी पाठवतील या धास्तीने घास उतरत नव्हता. आता पोटभर जेवते, आईला सांगा.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या ताईंना विचारलं. "अगं, लायब्ररी जुनी आहे, नवी घे," त्या म्हणाल्या. घेतली, आणि काळ्या पडद्यावर त्रिकोण उभा राहिला. शेंदरी, पिवळा, निळा, एकमेकांत अलगद मिसळलेले.

"रंग कुठे शिकलीस?" ताईंनी विचारलं.

"बाबा दुकानांच्या पाट्या रंगवतात," मी ऐटीत सांगितलं.

शिडीवर जपून चढता ना? आईचा गुडघा कसा आहे?

तुमचीच,
धाकटी