नरहरीकाकांशी भांडण

लुव्हेन, बेल्जियम

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि मम्मीला प्रेमाचा नमस्कार. मी मजेत आहे, पोटभर जेवते, थंडीचीही सवय झालीय.

मम्मी फोनवर म्हणाली, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी काहीबाही पाठवल्यापासून तुम्ही शेजारी नरहरीकाकांकडे जात नाही. उगाच धर्माचा विषय निघायला नको, म्हणे! मला हे मुळीच मान्य नाही.

इथले आमचे धर्मशास्त्राचे प्राध्यापकही तेच सांगतात: सर्वधर्मसंवादात वादाचे मुद्दे टाळा. मी भर वर्गात उभी राहिले आणि म्हटलं, आमच्या भुईगावात माझे पप्पा आणि काका तीस वर्षं रोज संध्याकाळी भांडतायत. काका म्हणतात, "व्हिक्टर, पुढच्या जन्मी तू माझ्या वाडीतली केळ होशील." त्यावर तुमचं उत्तर, "जन्म एकच, नरहरी. पण झालोच केळ, तर पाणी तुलाच घालावं लागेल." सगळे हसले. मी नाही हसले.

मम्मीचा गुडघा कसा आहे? काकांच्या घरून सुशीलाकाकू तेल चोळायला येतात ना अजून? की तेही बंद?

तुमचं भांडण अजून चालू आहे, असं मी माझ्या इथल्या प्रबंधात लिहिलंय. ती ओळ मी खोडणार नाही. पत्र खाली ठेवा, चपला घाला आणि भांडायला जा.

तुमचीच हट्टी,
डेल्फिना